पाणबुड्याचे बेचाळीस अंक

१९ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानातून, दुपारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा फॉर्म, दोन्ही मिळालं. 'आम्ही सगळे बरे आहोत' असं लिहायची हाताला सवय आहे, पण आता आम्ही सगळे म्हणजे मी एकटीच, तेव्हा मी बरी आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, उगाच जिने चढू नका. बाइंडिंगचं काम चालू आहे. शाळांच्या वह्या संपल्या, आता वकिलांच्या फायली आल्यात. मशीनच्या पात्याला धार लावून आणली. एवढीच बातमी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अण्णा गेल्यापासूनचं तुझं पहिलंच पत्र, म्हणून पुरवून पुरवून वाचलं. त्यात अण्णांचा उल्लेख एकदा आहे आणि पाणबुड्याचा नऊ वेळा. मोजायची खोड बाइंडरांना असतेच.

आता तुझ्या कामाचं. तू म्हणतोस, आपल्या लहानपणच्या पाणबुड्या कॉमिक्सचे बेचाळीस अंक त्या कंपनीकडे पाठवू. तिथली माणसं एकेक अंक भिंगाखाली बघतात, दहापैकी मार्क देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून परत करतात. नऊच्या वर मार्क पडले तर पहिल्या अंकाचं सोनं होईल, अर्धं माझं. बरं. डबी उघडली की मार्क गेले, म्हणजे वाचायचं नाव काढायला नको. तुला त्याचं काही वाटणार नाही. तू तेव्हाही वाचण्यापेक्षा सांभाळायचासच जास्त. शनिवारी अण्णा नवा अंक आणायचे, तू हात धुऊन बसायचास आणि मी हात मागे बांधून. पान उलटायचा हक्क तुझा. माझी शेवटची ओळ व्हायच्या आत तू उलटायचास, आणि मी कुरकुर केली की म्हणायचास, 'भरभर वाचायला शीक.'

पाठवावं की नाही यावर आठवडाभर स्वतःचंच डोकं खाल्लं. पार्सल वाटेत गहाळ होईल, कोपरे दुमडतील, आत्ता हवा दमट आहे, अशी कारणं काढून पाहिली. एकही धड टिकेना. खरं कारण फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आहे. 'अंकाची दुरुस्ती, पिना बदलणे किंवा कडा कापणे यांपैकी काही झाले आहे काय?' खाली, अंक ज्याच्या ताब्यात आहेत त्याची सही. तू तिथे पेन्सिलीने आधीच 'नाही' लिहून ठेवलंस, म्हणजे मला विचार करायचा त्रास नको. आणि पत्रात हळूच एक ओळ टाकलीस, 'अण्णांनी आपल्या सवयीने काही उद्योग करून ठेवले नसतील ना?'

उद्योग झालाय, दादा. पिना बदलल्यात. तिन्ही बाजूंनी कडा कापल्यात, प्रत्येक बाजू एक सूत. बेचाळीसच्या बेचाळीस अंकांच्या. त्या लोकांना भिंगसुद्धा लागणार नाही.

हे अण्णांच्या माथी मारणं फार सोपं होतं. कडा कापल्याशिवाय पुस्तक दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम तुला माहीत आहे. 'कापू नका हो' म्हणून विनवणाऱ्या गिऱ्हाइकाचं पुस्तकही ते कापूनच द्यायचे, वर म्हणायचे, 'आता बघा कसं माणसात आलं.' तू लगेच विश्वास ठेवला असतास. मी तसं पत्र लिहिलंही, आणि फाडलं. अकरा महिने ते अंथरुणावर होते. शेवटचे तीन महिने त्यांना चमचा धरता येत नव्हता, ते मशीनचं चाक काय फिरवणार. तुला हा हिशेब लागला नसता, कारण तू ते बघितलंच नाहीस.

कापले मी.

आजारपणात दर रविवारी अण्णा तुझ्याबद्दल विचारायचे, 'निघाला का?' मी म्हणायची, 'निघालाय, अण्णा, वाटेतच आहे.' मग ते मला त्यांचा दुसरा सदरा काढून ठेवायला लावायचे. पुढे पुढे मी थापा मारतेय हे त्यांना कळत होतं. तरी विचारायचे, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

ते गेले त्या दिवशी तुला फोन केला. तू रडलास. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. मग म्हणालास, 'आता येऊन तरी काय करू, ते तर गेले.' आणि फोन ठेवता ठेवता, 'ती कॉमिक्स तेवढी जप गं, त्या खोलीत ओल धरते.' मी 'बरं' म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. अंकांची ट्रंक खाली आणली. आधी सगळे अंक वाचले, सावकाश, पानं स्वतःच्या हाताने उलटत. मग गंजलेल्या पिना काढून नव्या घातल्या, गठ्ठे ठोकून सरळ केले आणि मशीनच्या पात्याखाली सरकवले. रागाच्या भरात झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. आपल्याकडे पुस्तकांना पुठ्ठ्याच्या पेट्या करून घ्यायला एक मास्तर येतात, त्यांना जुन्या कॉमिक्सचा नाद आहे. त्यांनी मला बजावलं होतं, 'बाई, असल्या अंकांना पातं लावू नका. कड गेली की सगळं गेलं.' म्हणजे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कापले.

काम मात्र सुरेख झालंय. अण्णांनी कडेवरून अंगठा फिरवला असता आणि काही न बोलता अंक बाजूला ठेवला असता. त्यांची शाबासकी तेवढीच असायची.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. मला पश्चात्ताप होईल म्हणून मी दीड वर्षं थांबले, झाला नाही. झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. तू येणार नाहीस, हे मी अण्णांना पहिल्याच महिन्यात सांगून टाकायला हवं होतं. रडले असते, एकदाच रडले असते, आणि मग मेल्यासारखं दर रविवारी दाराकडे तोंड करून पडून राहावं लागलं नसतं.

फॉर्म सोबत परत पाठवते आहे. तुझं 'नाही' खोडून शाईने 'होय' लिहिलंय आणि खाली माझी सही केलीये. आता मार्क काय पडायचे ते पडोत, मी मात्र अंक कुठेही पाठवणार नाही. हवे असतील तर येऊन घेऊन जा. आलास, तर तू माझ्यासाठी किंवा अण्णांसाठी आलास असा माझा गैरसमज होणार नाही. तेवढी काळजी करू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

आता कोणाचीच वाट न बघणारी,
तुझी धाकटी