खानावळींचे ठिपके

रीडिंग (इंग्लंड), १२ मे १९८७

ती. अण्णा,
वासंतीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, थंडीही ओसरली.

कॉलेजसाठी इथल्या टाउन सेंटरमधल्या रेस्टॉरंटांचा नकाशा करतेय. खानावळवाल्याची लेक ना मी, आधीच वर्गात ठासून सांगितलं होतं की ही मंडळी एकमेकांपासून लांबच राहणार. प्रत्यक्षात बहुतेक ठिपके स्टेशनजवळच्या एकाच गल्लीत पडले. एका मालकाला विचारलं, तर म्हणाला, "शेजारी दुसरं उघडलं आणि माझी गर्दी वाढली. जेवायचं म्हटलं की लोक याच गल्लीत येतात."

बापूकाकांनी रस्त्यापलीकडे, आपल्यासमोरच खानावळ काढली म्हणून तुम्ही नऊ वर्षं अबोला धरलाय. गर्दी खरंच कमी झाली का हो?

आई लिहिते, तुमचा गुडघा दुखतो. रस्ता ओलांडण्यापुरता तरी बरा ठेवा. जूनमध्ये मी येतेय. जेवण आपल्याकडे, आणि ताक प्यायला आपण दोघं समोर.

तुमचीच,
वासंती