काकांच्या आवाजात

प्रिय गौत्या,

रविवारी बॅग उचलायच्या आधी हे वाच, आणि टाकीवर चढून नको, खाली कुठेतरी नीट बसून वाच. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला फोनवरून जो रमाकांतकाकांचा आवाज येतो ना, तो काकांचा नाही. माझा आहे. दे, शिव्या दे. दिल्यास? आता पुढे वाच.

फोनवरच सांगणार होतो. पण काकांनी काढलेला तुमचा 'विसावा' आश्रम म्हणजे जव्हारच्या पुढचं जंगल, त्यात एकच फोन, तो पण टाकीवर गेल्याशिवाय पकडत नाही, आणि आलेला मेसेज तुम्ही सगळे मिळून स्पीकरवर ऐकता. तिथे सांगितलं असतं तर माझा बाजारच उठला असता. म्हणून तुमचं सामान पोचवणारी नम्रतामावशी शनिवारी मेणबत्त्यांचं खोकं घेऊन वर येतेय, त्यात हे टाकलंय, वर तुझं नाव घालून. शुद्धलेखनावर जाऊ नको. दहावीला मराठीत मी कसा सुटलो ते तुला माहितेय, पुढच्या बाकावर तूच होतास.

साला, एका जागी बसवतच नाहीये. दुपारभर चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारल्या, शेवटी आई ओरडली, "मेल्या, भोवरो झालंस काय? बस खय तरी!" मग परळहून चालत दादरला गेलो, फुलबाजारात उगाच उभा राहिलो, शेवंतीचा भाव विचारला, घेतली नाही, फुलवाला बोलायचं तेवढं टाकून बोलला. परत आलो. चहा केला, प्यायलो नाही. आता लिहितोय, तरी पाय हलतोय.

हे सुरू कसं झालं ते ऐक. घशाच्या ऑपरेशनच्या आधी काकांनी तुम्हाला सांगितलं होतंच, जीव वाचेल पण आवाज जाऊ शकतो. तुम्ही आळीपाळीने उपास धरलेत. इथे जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून नुसती हवा येते. हॉस्पिटलमधून आपल्या चाळीतल्या त्यांच्या जुन्या खोलीत आणलं, तर आल्या आल्या पाटी मागितली आणि लिहिलं, "सगळ्यांना सलाम. आवाज गेला, पण मी बरा आहे. धनेश वाचून दाखवेल." आणि ते झोपले. मी फोन घेऊन गॅलरीत आलो. आता तू मला ओळखतोस. काकांचं वाक्य काकांच्याच आवाजात वाचायचं, माझी जीभ दुसरं काही करूच शकत नाही. आधी ती घसा खाकरायची स्टाइल, मग "ऐका लेकरांनो", मग तो लांब पॉज. फुल टू काका. फक्त एक लोचा झाला. त्या आवाजात "आवाज गेला" कसं म्हणणार? येडपटासारखं वाटलं असतं. म्हणून तेवढं गाळलं.

मला वाटलं तुम्ही हसाल. म्हणाल, हा धन्या सुधारणार नाही. तर तुमच्याकडून उलट मेसेज आला, त्यात नुसती घंटा वाजतेय, बायका रडतायत, आणि ते दमेकरी मास्तर ओरडतायत, "प्रभूने ऐकलं! आवाज दिला!" माझ्या पायाखालून गॅलरी सरकली. काका जागे झाले, त्यांना त्यातली घंटा आणि रडणं तेवढं ऐकू आलं. त्यांना वाटलं आपण जगलो म्हणून ही सगळी खूश आहेत. डोळे पुसले त्यांनी. आता त्या दोन्ही बाजूंच्या मध्ये उभा राहून मी काय सांगू? म्हटलं, उद्या सांगतो.

उद्या काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटीवरचं वाचलं. मग काका दमायला लागले, पाटीवर एक ओळ, कधी ती पण नाही, आणि तुम्ही तिकडे वाट बघत बसलेले. मग मी माझ्याच मनाचं बोलायला लागलो. गौत्या, हसू नको, पण तुमचा आश्रम मी चालवलाय, परळच्या चाळीत, बादलीवर बसून. सकाळची घंटा उशिरा केली ती मी. तिकडची थंडी आठवली मला. स्वयंपाकघरातल्या दोघी मिठावरून भांडत होत्या, त्यांना तीन दिवस मौन दिलं ते मी. रविवारी शिरा मी. मागे कुकरची शिट्टी वाजली तेव्हा "हॉस्पिटलचं मशीन आहे" म्हणालो तो पण मीच. आणि मौनातून उठल्यावर त्या दोघी एका ताटात जेवल्या असं मास्तरांनी कळवलं, तेव्हा खरं सांगतो, मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. च्यायला, शाळेत मला कोणी मॉनिटर केलं नव्हतं.

तुला आठवतं, तुझं पिणं वाढलं होतं तेव्हा गच्चीवर मी मागून काकांच्या आवाजात "गौतम, पेला खाली ठेव" म्हणालो होतो? तू इतका घाबरलास की पेला ठेवून हात जोडलेस. सगळे लोळले हसून. मी पण. त्याच आठवड्यात तू नाक्यावर पडलेला सापडलास, आणि खरे काका तुला जंगलात घेऊन गेले. ख्रिश्चन हो म्हणाले नाहीत, दारू सोड पण म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले, लाकडं फोडायला माणूस हवाय. तेव्हापासून इथे माझं कोणी नाही रे. पोरं आहेत, पण माझ्या जोकवर हसायच्या आधी मोबाइल बघतात. तुझी आई गॅलरीत भेटली की विचारते, "झिलाचो काय निरोप?" मी काहीतरी फेकतो. ती हसते, आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी राहते.

आता खरं कारण. तू सगळ्यांसमोर बोलला होतास ना, काकांचा आवाज परत आला तर माझी दारू पण सुटली असं समजेन? मास्तरांनी ते मला कळवलं. आणि मग तुझा एकट्याचा मेसेज आला, टाकीवरून, वाऱ्यात. "काका, माझी खूण मिळाली. तुम्ही ये म्हणालात तर घरी येतो." मी तो काकांना ऐकवला. त्यांनी पाटीवर लिहिलं, "घाई करू नको म्हणावं. अजून हात कापतात त्याचे, मी पाहिलेत. मी वर येईपर्यंत थांब." मी पाटी वाचली, गॅलरीत आलो, खाकरलो आणि म्हणालो, "ये लेकरा." बस एवढंच. कोणी सांगितलं नव्हतं. मला तू हवा होतास, म्हणून. तुझी ती खूण म्हणजे मी आहे, गौत्या. चाळीच्या खाली वाइन शॉप अजून तिथेच आहे, आणि मला तुला नाही म्हणता येत नाही, हे तुला पण माहितेय. तेव्हा थांब. काकांचे शब्द पाळ, माझा आवाज नको. काकांना मी स्वतः सांगतो, त्यांच्या पायाशी बसून, थोडा दम धरू दे. तोपर्यंत पाया पडतो, हे वाचून चुलीत घाल. मास्तरांना सांगू नको, त्या दोघींना सांगू नको, तुझ्या आईला तर नकोच नको. कोणालाच सांगू नको रे, कोणाला म्हणजे कोणालाच नाही.

तुझाच,
धन्या