मैदानाभोवतीच्या खुंट्या

३ ऑक्टोबर

मैदानाभोवती कुणीतरी खुंट्या ठोकून गेलंय. बांबूच्या, टोकाला लाल चिंधी बांधलेल्या. गोलपोस्टच्या मागे, कोपऱ्यांवर, नव्याने सपाट केलेल्या तुकड्याच्या पलीकडे – चारी बाजूंनी! काल सराव संपला तेव्हा यातलं काही नव्हतं.

मुलं विचारायला लागली, सर, हे काय? मी म्हणालो, मोजणी चाललीय, स्टँड बांधायचाय ना. दिलं ठोकून. मला काहीएक माहीत नाही.

५ ऑक्टोबर

येल्मिताला विचारलं. माझी बायको, तिच्या आईची जमीन – तिला ठाऊक नसेल तर कुणाला? ती मिरच्या वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला विचारता? अमाकना विचारा."

अमाक म्हणजे माझ्या सासूबाई. जेवताना त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. डोक्याकडचा, चांगला मोठा.

या घरात जावयाच्या ताटातली वाढ वाढली की समजावं, काहीतरी बिनसलंय. मी जावाचा माणूस, लग्न करून इथे पश्चिम सुमात्रात बायकोच्या घरी राहायला आलो. केस पिकत आले, तरी मी अजून पाहुणाच. तुकडा खाल्ला. भीतीने चव लागली नाही.

६ ऑक्टोबर

जरा शांतपणे लिहून काढतो, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल.

मी आलो तेव्हा या पडीक जागेत म्हशी बसायच्या. शेजारची चार पोरं गोळा केली, बांबूचे गोल उभे केले, क्लबचं नाव ठेवलं कुंबांग – भुंगा. काळी जर्सी. आज दहा वर्षांखालच्या पोरांपासून सतरापर्यंत सगळ्या गटांचे संघ आहेत. पलीकडच्या गावांतल्या आया पोरांना स्कूटरवर घेऊन येतात. गेल्या वर्षी आपली दोन मुलं पाडांगच्या मोठ्या संघात निवडली गेली. आता एक मैदान पुरत नाही.

म्हणून हाजी शाफ्रिल. इथलाच माणूस, जकार्तात खानावळी काढून मोठा झालेला. स्टँड बांधून देतो म्हणाला, भोवती भिंत, फाटकावर त्याचं नाव. अट एकच – मैदान क्लबचंच राहील असा शब्द द्या. मी दिला!

कशाच्या जोरावर? तर दातुक मामा हो म्हणाले होते. येल्मिताचे मामा, कुळाचे प्रमुख. हातात हात घेऊन हो म्हणाले. आणि अमाकनाही मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलंच होतं, की शेजारचा तुकडाही घेतो म्हणून. त्या नारळाचं दूध ढवळत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे जावात मोठं माणूस बोललं नाही की काम झालं असं धरतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केळी तोडून जागा सपाट करून घेतली.

लिहून काढलं. आता दातुक मामांनाच गाठायला हवं.

९ ऑक्टोबर

दातुक मामांकडे गेलो. ओट्यावर पिंजऱ्यातल्या पारव्याला दाणे घालत होते. म्हटलं, मामा, तुम्ही हो म्हणाला होतात ना?

"म्हणालो की. माझ्यापुरतं."

"तुमच्यापुरतं म्हणजे?"

"जमीन बायकांची. मी राखणदार. त्या जे ठरवतील ते चारचौघांत बोलून दाखवणं, एवढंच माझं काम."

मग त्याच वेळी का नाही सांगितलंत, असं विचारलं. म्हणाले, तू इतका खुशीत होतास, माझ्याच्याने मोडवेना. वर हेही म्हणाले, की इतकी वर्षं आमच्यात राहिलास, तुला कळत असेल असं वाटलं.

कळत होतं का? ऐकून माहीत होतं. पण पुरुषाने हो म्हटल्यावर मला हलकं वाटलं, आणि मी पुढे काही विचारलंच नाही.

१० ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. सराव नाही. गावात कुणी म्हणतं तिथे भात लावणार, कुणी म्हणतं मशीद होणार.

१३ ऑक्टोबर

आज रेफ्नीवर ओरडलो. माझी लेक, पंधराची. ती आणि तिच्या मैत्रिणी गोलच्या मागे आपापल्या खेळत असतात, मुलांचं लक्ष जातं. त्यांना संघ हवाय. मी सांगून ठेवलंय – दुसरं मैदान होऊ दे, मग बघू. शिवाय हाजींना मुलींचा खेळ पसंत नाही.

ती म्हणाली, "हाजींना पसंत नाही, की तुम्हाला?"

घरी जा, अभ्यास कर म्हणालो. ती गेली. चेंडू मात्र घेऊन गेली. मला राग आला की लाज वाटली, ते मलाच नीट सांगता येणार नाही. पोरगी डाव्या पायाने फार छान मारते, तेही खरं.

१५ ऑक्टोबर

घरात कुळातल्या सगळ्या बायका जमल्यात. पुरुषांनी अशा वेळी बाहेर पडायचं असतं. मी चपला शोधायला आत गेलो तर बोलणं बंद. गोलात मधोमध रेफ्नी बसलेली, अमाकचा हात तिच्या गुडघ्यावर. हिचं तिथे काय काम? तिचं लग्न ठरवतायत की काय! येल्मिताने खुणेने जा म्हटलं.

कॉफीच्या टपरीवर जाऊन बसलो. बाकीचे जावई डॉमिनो खेळत होते. एक जण जावात दादाला मारतात तशी 'मास' हाक मारून म्हणाला, "मास पार्मिन, तू तर दुसऱ्याच्या घरात मोजमाप घेणारा पाहुणा निघालास." सगळे हसले. मीही हसलो. दोन डाव हरलो. इतक्या वर्षांचा क्लब आतल्या खोलीत बायकांच्या हातात होता आणि मी इथे ठिपके जुळवत होतो. रडू येईल असं वाटलं.

१७ ऑक्टोबर

दातुक मामा जिन्याखाली उभं राहून सांगून गेले. ओढ्याकाठची भातखाचरं येल्मिताला. मैदान, नव्या तुकड्यासकट, रेफ्नीला. खुंट्या तिच्या वाट्याच्या आहेत.

मी दोनदा विचारलं, कुणाला? ते दोनदा तेच बोलले.

येल्मिता म्हणाली, पोरीला वाटा कधीतरी द्यायचाच होता. "तुम्ही परस्पर हाजींना शब्द दिलात, म्हणून अमाकनी घाई केली. आता कुणालाही शब्द द्यायचा तर तो तिनेच द्यायचा."

केळींबद्दल अमाक अजूनही काही बोललेल्या नाहीत.

१८ ऑक्टोबर

रेफ्नीला विचारलं, क्लब राहणार ना? तिने खाली बसवून नीट सांगितलं. मुलं राहतील. हाजींची भिंत नको. चार वाजल्यापासून साडेपाचपर्यंत मैदान मुलींचं.

"आणि प्रशिक्षक?" मी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही, बाबा. उद्या आम्ही मुली बसणार आहोत. तुम्हीही या."

कोणता शर्ट घालू, कळत नाही.