हरणीची चतुःसीमा

मी, बनाबाई बिरदेव रूपनवर, वय पासष्ट, चौथी पास, धंदा आदी मेंढरं आन आता सुनेला नावं ठिवनं, राहनार निरवांगी, तालुका इंदापूर, लिवून ठिवते की माझं डोकं ठिकानावर हाय. कुनाचा दबाव न्हाय. दबाव आनायला माझे दीर सर्जेराव चारदा आले, पन च्या पिऊन गेले.

कलम १. दोन खनांचं घर आन अडीच एकर रान माझा पोरगा दादासो याला. तो साखर कारखान्यात हाय. रान कुठल्या अंगाला हाय त्ये दावायला संगं एक मानूस द्यावा.

कलम २. माझे चांदीचे वाळे ननंद जयवंता हिला. माझ्या लग्नात तिनं ह्येच वाळे खोटे म्हनून गावभर सांगितलं व्हतं. आता तिनं खोटेच घालून मिरवावं.

कलम ३. वाडा. इंदापूरला कागद लिवनाऱ्यापुढं मी "माझा वाडा" म्हनले, तसा तो सरसावून बसला. म्हनला, "आजी, चतुःसीमा सांगा." आमा धनगराचा वाडा म्हंजी रानातला मुक्काम. मेंढरं, घोडी, बिऱ्हाड, सकाळी उठून चालाया लागतो. मेंढरं इकली, आता घोडी तेवढी उरली. मी म्हनले, "लिवा. फुडं तोंड, मागं शेपूट, उजवीकडं हंडा, डावीकडं कोंबड्यांची पाटी." त्यानं पेन खिशात घातलं. म्हनून ह्यो कागद मीच लिवते.

घोडीचं नाव हरणी, जात भीमथडी. जनावरं मोजायला आलेल्या सायबानं उंची बघून तिला 'तट्टू' लिवलं. सायब सवता इष्टुलावर चढून लिवत व्हता.

उंचीचा सोस आमच्या मालकांना बी व्हता. हरणीची आजी त्येंनी बारामतीच्या वरातीतल्या उंच घोड्याला लावली. शिंगरू झालं देखनं, लांब पायाचं. मोठं झाल्यावर कोकनात उतरताना घाटात त्येच लांब पाय मोडून बसलं. हंडे दरीत, कोंबड्या झाडावर, आन दोन वर्साचा दादासो पाठीवरच्या बाचक्यात. बाचकं घसरलं त्ये खालच्या अंगाला हुभ्या आसलेल्या शिंगराच्या आईच्या छातीला अडलं. ती बुटकी घोडी तसूभर हलली न्हाय. मालक शिंगराजवळ बसून म्हनले, "बने, आता आपल्या दावनीला उंची नगो." त्येंचा तेवढा एकच शब्द मी आयुष्यात ऐकला.

आता खरा भीमथडी घोडा आमच्या माहितीत एकच, अंथुर्ण्याच्या म्हस्कूचा, तो बी म्हातारा. हरणी त्याच्याकडनंच गाभण हाय. सर्जेराव म्हनतात, "वैनी, घोडी मला द्या. उंच घोडा लावून जात सुदरवतो." सर्जेरावांना सुदरवायला आमच्या सासूबाईंची हयात गेली, तवा ह्या कामाची त्येंना घाई नसावी.

हरणी माझी सून सारजा हिला. पंदरा वर्सं मी तिच्या भाकरीला नावं ठिवली. भाकरी अजून वातडच हाय. पन कडबा टाकताना ती घोडीला "आत्याबाई, सरका" म्हनती. मला वाटलं, माझी चेष्टा. मग ध्यानात आलं, माझ्यापरास घोडीशी गोड बोलती. गाभण हाय ह्ये बी तिनंच आदी वळखलं.

सारजानं हरणी इकू न्हाय, वरातीला धाडू न्हाय, उंच घोडा लावू न्हाय. शिंगरू मादी झालं तर सारजानं ठिवावं. नर झाला तर म्हस्कूला द्यावा, म्हंजी त्याच्या म्हाताऱ्याची जागा मोकळी पडनार न्हाय. दादासोनं मधी बोलू नये. बोलावं वाटलंच तर घाटातलं बाचकं आठवावं.

साक्षीदाराला वाटा ठिवत न्हाईत, आसं त्यो कागद लिवनारा म्हनला व्हता. म्हनून सर्जेरावांना साक्षीदार केलंय. मानाची सही शेवटाला आसती, आसं मी त्येंना सांगितलंय. कुठलाबी कागद वाचायची त्येंना सवय न्हाय.

ठिकाण निरवांगी, तारीख ८ डिसेंबर १९९६.

लिहून देणार: बनाबाई बिरदेव रूपनवर

साक्षीदार १: मानसिंग गुरुजी, निरवांगी. दोनदा वाचले.

साक्षीदार २: सर्जेराव म्हाळू रूपनवर. सगळं वाचलं, समजलं, मंजूर हाय.