संख्याशास्त्राच्या मॅडमचं नाटक

३ जुलै
प्राचार्यांनी मला ग्रंथालयाचा आपत्कालीन प्रमुख नेमलं. एवढ्या वर्षांत प्रथमच कुणीतरी माणूस ओळखला. शिट्टी मिळाली, सूचनांचं कार्ड मिळालं. न सांगता कधीही मॉक ड्रिल होईल म्हणाले. म्हणजे मला पकडायचा बेत. पकडा म्हणावं.

५ जुलै
कार्ड पाठ करायचं ठरवलं. उद्यापासून.

८ जुलै
संशय पक्का. संख्याशास्त्राच्या मॅडम ग्रंथालयात पूर्वी खिडकीपाशी बसायच्या, हल्ली थेट दाराजवळ, माझ्या समोर. काल जिन्यात प्राचार्यांशी हळू आवाजात बोलत होत्या. मला बघून गप्प. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, जिना चढून दम लागत असेल बिचारीला. बायकोला कॉलेजचं राजकारण कळत नाही.

११ जुलै, दुपार
झाली एकदाची ड्रिल. मॅडम पुस्तकांसकट खुर्चीवरून खाली. मी मुळीच डगमगलो नाही. शिट्टी मारली. मुलांना सांगितलं, लांब व्हा, हे नाटक आहे, फोन करू नका, उगाच खरी ॲम्ब्युलन्सची गाडी येईल. एका मुलीने केलाच. तिची तक्रार करणार.
मॅडम घामाने डबडबलेल्या. पाणी शिंपडून आल्या असणार. हात धरून नाडी पाहिली. लागेना. मनगट मुद्दाम वळवलं असेल. कानाशी वाकून म्हटलं, मॅडम, छान वठवलंत, उठा आता. उठल्या नाहीत. मुरलेल्या आहेत.

११ जुलै, संध्याकाळ
गाडी खरीच आली. त्यांच्या माणसाने मला खांद्याला धरून बाजूला सारलं. हार्ट ॲटॅक म्हणाला. तोही सामील असू शकतो. बायकोला सगळं सांगितलं. ती ताट वाढून आत निघून गेली.

१२ जुलै
प्राचार्य गाडीबरोबर गेले होते म्हणे. ड्रिल पुढच्या आठवड्यात आहे म्हणे. जेवण गेलं नाही.

१४ जुलै
हॉस्पिटलला जाऊन आलो. मॅडम वाचल्या. त्यांच्या मिस्टरांनी दारातच माझे हात धरले. म्हणाले, गाडी येईपर्यंत तुम्ही हिचा हात सोडला नाहीत, मुलांनी सांगितलं. मी म्हटलं, कर्तव्यच ते. ते चहा आणायला गेले.
मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या. हळूच म्हणाल्या, सर, मला सगळं ऐकू येत होतं. फक्त उठता येत नव्हतं.
मी सलाइनकडे बघत बसलो.
मग त्यांनी विचारलं, तेव्हा नाडी लागत होती का हो?
म्हटलं, हो. व्यवस्थित.
बरं, म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.
चहा न घेता निघालो.