न निवडलेली लोकर

प्रिय माय,

सुपडूमामाच्या कांद्याच्या गाडीवरून लोकरीचं पोतं पोचलं. मी पोरीच्या गादीपुरती मागितली होती, तुम्ही पोतंभर धाडली. गच्चीवर जुनी साडी अंथरून निवडायला बसले. ऊन लागलं तसा मेंढरांचा वास सुटला. शेजारची रंजनाबेन खालून ओरडली, बकरी बांधी छे के शुं? सासूबाई म्हणाल्या, हिचं माहेर आलंय पोत्यात बसून. सगळ्या हसल्या, मी पण हसले. मग कोणी बघत नव्हतं तेव्हा लोकरीत तोंड खुपसून बसले.

माय, दिवे लागले की पोरगी रडायला लागते. पोट दुखतं का भूक लागते, मला काही कळत नाही. हे तेव्हा कापडाच्या खात्यावर, लूमच्या मशीनपुढं. आमच्या ह्या लिंबायत वस्तीत बायका पुष्कळ, एक म्हणते हिंग लाव, दुसरी म्हणते दवाखान्यात ने. माझ्या हातून काही चुकलं तर, याची फार भीती वाटते गं. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही मेंढरं घेऊन लांब होतात, ते मी समजून घेतलं. पण तेव्हापासून रोज वाटतं, तू एकदा हिला मांडीवर घ्यावं आणि म्हणावं, काही नाही गं, लेकरं अशीच असतात. काल रडता रडता तिला लोकरीजवळ टाकली, तर एक पुंजका मुठीत धरून झोपली. आजीला अजून पाहिलं नाही तिनं.

निवडताना तुम्ही कुठं कुठं फिरलात ते मला दिसत होतं. गोखरू निघाले म्हणजे नदीकाठ. कुसळं निघाली म्हणजे डोंगराकडं. पण पाठीची लोकर, पोटाखालची लोकर, सगळी एकत्र. लेंड्या तशाच चिकटलेल्या. कातरायच्या आधी मेंढरं धुतलेली पण नाहीत. आणि लग्नात तुम्ही माझ्या नावानं ठेवली ती भुरी मेंढी, तिची लोकर तू दरसाल लुगड्याच्या तुकड्यात वेगळी बांधतेस. यंदा ती पण त्याच ढिगात. सगळं पोतं उपसलं. तुझा हात कुठंच लागलेला नाही.

फोन केला की हेमराज म्हणतो, माय रानात गेली. आबा म्हणतात, रेंज नाही. सुपडूमामाला विचारलं तर त्यानं चहा बशीत न ओतता गरमच पिला, आणि गाडी रस्त्यात उभी आहे म्हणत उठला.

म्हणून हे पत्र लिहितेय. तुला हेमराजच वाचून दाखवेल. हेमराज, भाऊ, एक शब्द गाळू नको. सोबत भुरीची मूठभर लोकर धाडतेय, काट्यांसकट. माय, तेवढी निवड आणि पुढच्या फेरीला मामाजवळ परत दे. साफ होऊन आली तर मी इथं गप बसेन, पोरीचं रडणं पण निभवेन. काटे तसेच आले तर पोरीला घेऊन निघते, ह्यांना सांगून ठेवलंय. आणि हेमराज, तू त्याला हात लावू नको. मला कळेल. तू काटा ओढतोस, माय सोडवते.

गाडीकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच कोकिळा