करंगळी "दोन" म्हणाली

प्रिय आत्या,

तू जाऊन महिना झाला. आज कॉलेजात मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल घेताना एका मुलीने डोळे मिटून "दोन" म्हटलं. तिची जोडीदारीण कर्कटक हातात धरून नुसतीच बसली होती, टोक टेकवलंच नव्हतं. बाकीच्या हसल्या. मी तिचा हात नीट तपासला. ती नुसती घाबरली होती. पण मला पुढे काही शिकवता येईना, म्हणून घरी येऊन तुला लिहायला बसले.

आठवतं का, शहाऐंशी साली, बी.ए.ला असताना, मी हाच प्रयोग तुझ्यावर केला होता? कर्कटकाची दोन टोकं त्वचेवर हलकेच टेकवायची आणि विचारायचं, एक वाटतं की दोन? बोटांना ती अगदी जवळ असली तरी दोन कळतात, पाठीला लांब असूनही एकच वाटतात. तू घरी वीणा शिकवायचीस. तुझ्याइतकी जाणती बोटं मला कुंभकोणमभर कुठे मिळणार होती?

सगळ्या बोटांनी बरोबर उत्तरं दिली. उजव्या करंगळीने मात्र गोंधळ घातला. एक टोक टेकवलं, तू म्हणालीस दोन. काहीच टेकवलं नाही, तरी दोन.

"आत्या, नीट सांग ना."

"दोनच गे. लिही तू."

मी चिडले. मला मार्क पडावेत म्हणून तू ठोकून देतेस, असं वाटलं. ते आकडे खोडले आणि डाव्या करंगळीचे तिथे उतरवले. सरांनी वहीवर "उत्तम" असा शेरा दिला.

सहा महिन्यांनी तू दोसे घालत होतीस. करंगळी तापल्या तव्याला टेकलेली, आणि तू आईशी गप्पा मारत होतीस. आईने हात ओढला तेव्हा तू तिलाच विचारलंस, "काय झालं वहिनी?"

डॉक्टरांनी तुला डोळे मिटायला सांगून करंगळीवरून कापूस फिरवला. मग कोपराशी जाड झालेली नस चाचपली. कुष्ठरोग, म्हणाले. औषधाने बरा होईल, पण नस परत येणार नाही. थोडं आधी आला असतात तर, असंही म्हणाले. मी मागेच उभी होते. वहीबद्दल बोलले नाही. का नाही बोलले?

दोन वर्षं तू गोळ्या घेतल्यास. अंग काळवंडलं, रोग गेला, करंगळी वाकडी राहिली. वीणेवर तालाच्या तारा त्याच बोटाने छेडायच्या असतात. अप्पांनी शिकवणी बंद केली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, बहिणीला संधिवात आहे. तूही तेच सांगायला लागलीस. चोळपुरमची एक मुलगी तेवढी येत राहिली. तिला तू गाऊन शिकवायचीस.

एकदा धीर करून मी विचारलं, "तेव्हा तुला खरंच कळत होतं?"

"कळतंय असं वाटायचं. तू बोट धरलंस की आता टेकवणार हे ठाऊक असायचं. मग टेकल्यासारखं वाटायचंच."

आता मी मुलींना हेच शिकवते, की वाट पाहणाऱ्याला नसलेला स्पर्शही जाणवतो. पण तुला आधीच शंका आली होती का? आणि मी नुसती चिडले होते, की मलाच बघायचं नव्हतं? दर वेळी वेगळं उत्तर येतं.

आणि तो शेवटचा आठवडा? तुझे डोळे मिटलेले होते. मी काही न बोलता तीच करंगळी हातात घेतली, तर तू म्हणालीस, "सुधा, हात गार आहे तुझा." बोट बधिर झाल्यावर बारा वर्षांनी? कळलं होतं तुला, की मीच असेन असं वाटलं?

उद्या त्याच वर्गात मी हे सगळं सांगणार आहे. रोगाचं नाव घेऊन, तुझं नाव घेऊन, मी खोडलेल्या आकड्यांसकट. अप्पांना आवडणार नाही. तुला आवडेल की नाही, तेही मला कळत नाही. पण संधिवात होता असं यापुढे मी कुणालाही सांगणार नाही, एवढा शब्द देते.

तुझी भाची,
सुधा